खटखटीची बहीण

एक होती घंटा नि एक होती खटखटी. दर्याकाठच्या एका गावात, एकाच चर्चमध्ये राहायच्या. घंटा वर मनोऱ्यात, वर्षभर बोलायची. खटखटी खाली कपाटात, वर्षभर गप. लाकडाची फळी, वर लाकडाचाच दांडा. हलवली की खट खट खट.

मग गुड फ्रायडे यायचा. प्रभू येशू क्रुसावर गेले, त्या दुःखात घंटेनं बोलायचं नाही. आदल्या दिवशी गुरुवारी तिची जीभ फडक्यानं बांधायचे, ती ईस्टरच्या रात्री सोडायचे. मधल्या वेळात सगळं बोलणं खटखटीचं.

ही खटखटी फणसाची होती, बरं का. आवारातला म्हातारा फणस वादळात पडला. फांदीची झाली खटखटी नि बुंध्याची झाली बावतीस कोळ्याची होडी.

तर एकदा काय झालं, त्या आठवड्यात बावतीस दर्यात गेला. बायकोला, नातालीला म्हणाला, "गुरुवारच्या जेवणाला मासळी घेऊन येतो." गुरुवार उजाडला तो धुकं घेऊन. असलं दाट, की अंगणातला क्रूस दिसेना. जेवण निवून गेलं. बावतीस आला नाही. शुक्रवार आला, धुकं तसंच.

नातालीचा पाय एका जागी ठरेना. दारात जाई, घरात येई. चूल पेटवी नि विझवी. तिला नवऱ्याची रीत ठाऊक होती. धुकं पडलं की तो वल्हं उचलून बसायचा, घंटा ऐकू आली की तिकडं होडी वळवायचा. आणि आज तर घंटेचं तोंड बांधलेलं! धुक्यात त्याला दिवस कुठला कळायला? तो बसला असणार घंटेची वाट बघत, नि ओहोटी त्याला ओढत नेणार. प्यायला पाणी एक मडकंभर.

मग ती गेली फादरकडे. "फादर, आमचं माणूस आलं नाय. एकदाच घंटा वाजवा."

फादर म्हणाले, "बाई, जीव माझाही तुटतो. पण आज घंटा वाजवायची नसते. आपण प्रार्थना करू."

मग ती गेली घंटा वाजवणाऱ्या इनासबाबाकडे. तो म्हणाला, "आज? माझ्या बापानं कधी वाजवली नाय, आजानं नाय. चल, घरी जा."

मग ती गेली घंटेकडेच. जिना चढली, घंटेला मिठी मारली नि रडली. घंटा थरथरली. तोंड बांधलेलं होतं ना, म्हणून नाकात बोलली, "मी पण कालपासून तळमळतेय गं. पण आज माझी पाळी नाय. खटखटीला घेऊन जा. पाण्यावर तिची बहीण आहे."

नाताली खाली आली. कपाट उघडंच होतं. तिनं पदराखाली खटखटी घेतली नि धूम ठोकली किनाऱ्याकडे.

पहिल्यांदा वाजवली. खट खट खट. धुक्यानं आवाज गिळून टाकला.

दुसऱ्यांदा वाजवली. खट खट खट. बिळांतून खेकडे तेवढे बाहेर आले, डोळे वर करून बघत बसले.

तिकडे चर्चमध्ये गाव जमला. क्रुसाची मिरवणूक निघायची, नि कपाट रिकामं! इनासबाबा हातात कपाटाची किल्ली घेऊन ओरडतच किनाऱ्यावर आला. मागून फादर, मागून सगळा गाव.

"चोरटे! प्रभूच्या मरणाच्या दिवशी चोरी करतेस? आण इकडे!"

त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं धरलं. ओढाओढीत खटखटी तिसऱ्यांदा वाजली. खट खट खट.

आणि दर्यातून आवाज आला. खट. खट. खट.

इनासबाबाचा हात सुटला. फादर हळूच म्हणाले, "वाजव, नाताली. थांबू नकोस."

मग नाताली वाजवत राहिली. तिकडून उत्तर येत राहिलं, जवळ, आणखी जवळ. धुकं फाटलं नि होडी आली. शीड उतरवलेलं, वल्ही आत ठेवलेली. बहिणीच्या हाकेला होडी आपली आपणच आली होती, तळावर टकटक करत.

आत बावतीस, ओठ सुकलेले. म्हणाला, "ही होडी मघापासून पाठीत बुक्क्या मारतेय, जरा पडू देईना! नि काय रे इनासबाबा, झोपलावतास काय? घंटा कुठंय?"

"अरे बाबा, आज शुक्रवार!"

"शुक्रवार?" बावतीसनं टोपी काढली. "मग माझी गुरुवारची मासळी?"

लोक रडतारडता हसले. नातालीनं त्याला आधी पाणी पाजलं, मग बडबड बडबड बोलली. मिरवणूक त्या वर्षी किनाऱ्यावरूनच निघाली. खटखटी नातालीच्या हातात, नि इनासबाबा तिच्या मागं, मुकाट. ईस्टरच्या रात्री घंटेची जीभ सोडली, तेव्हा ती अशी वाजली की सगळी कबुतरं उडाली.

मग नाताली नि बावतीस म्हातारे होईपर्यंत सुखानं राहिले. अजून गुड फ्रायडेला चर्चमध्ये खटखटी वाजते, नि किनाऱ्यावर बांधलेली होडी ओ देते.

आता हात जोडा, कपाळाला क्रूस करा नि पडा बघू. झोपेत खटखट ऐकू आली तर भिऊ नका रे. होडी घरी आलीय एवढंच.