नवव्या ओळीवरच्या चौकटी

त्या राज्यात पटावर दिसे तेच खरं मानलं जाई. पट होता पंचवीस ओळींचा, एकेका ओळीत ऐंशी घरं, आणि एका घरात एकच अक्षर मावे. दुसरं आलं की पहिलं गेलं. कुठे गेलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

पटावर लिहिणारा एकटाच, लुकलुक्या. डोळे मिटायचा, उघडायचा, आणि ज्या घरात उभा असे तेवढंच त्याला दिसे. शेजारी काय जळतंय, हे तिथे पाय ठेवल्याशिवाय कळायचं नाही. पण सांगितलेलं अक्षर सांगितल्या घरात बसवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, म्हणून सगळे त्यालाच राबवत.

सगळ्यात आधी पटभर पाळीपत्रक लिहिलं होतं: कोणत्या वस्तीला पाणी केव्हा. नवव्या ओळीत होतं, ‘तळवस्ती : सकाळी सहा ते आठ’. पाणी सोडणारा पाटकरी ते वाची आणि तळवस्तीचे हंडे भरत. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग चौकटी यायला लागल्या. दुहेरी काठाच्या, ऐटबाज. आपल्याला कोपऱ्यात बसायला लागलं तर काठ झिजतील अशी समजूत असल्यासारखी एकेक येई ती थेट पटाच्या मध्यावर फतकल मारी. पहिली आली स्वागताची चौकट, एका पाहुण्यासाठी, अंगावर ‘आपलं स्वागत’ मिरवत. पाहुणा गेल्यावर ती उठली, तर खाली कोरं भगदाड. नववी ओळ अर्धी गायब, पाटकरी हात बांधून उभा. तळवस्तीची ठकूबाई रिकामा हंडा घेऊन आली आणि म्हणाली, “मला पाठ आहे. सांगते, तू लिही.” लुकलुक्यानं लिहून टाकलं.

यावर चौकटींनी आकांडतांडव केलं. तोंडी ऐकून पटावर चढवायचं म्हणजे काय? उद्या कोणीही काहीही सांगेल. तेव्हा नियम ठरला: चौकट बसण्याआधी लुकलुक्यानं खालची अक्षरं चिठ्ठीत उतरवून तिच्याकडे द्यायची, उठताना तिनं ती जागच्या जागी परत ठेवायची. चिठ्ठीबाहेरचं एक अक्षर चालायचं नाही.

एका वेळी एकच चौकट बसे तोवर नियम छान चालला. मग एकदा स्वागत बसलेली असतानाच सूचनेची चौकट आली आणि तिच्या डाव्या अंगावरच बसली. लुकलुक्यानं खालचं उतरवलं. खाली होती स्वागत, म्हणून चिठ्ठीत आलं ‘आपलं स्वा’. शेवटी बसेल तिनं आधी उठावं, इतकी साधी गोष्ट. पण बसलेल्यांना हे सांगायला जाणार कोण? स्वागतच आधी उठली. तिनं आपली चिठ्ठी प्रामाणिकपणे ठेवली, ती सूचनेच्या पोटात. सूचना फणफणली, “माझ्या अंगावर पाण्याच्या वेळा कोणी लिहिल्या?” आणि तरातरा उठून आपली चिठ्ठी ठेवून गेली, तीही प्रामाणिकपणे.

आता पटावर एकही चौकट नव्हती. नवव्या ओळीत होतं, ‘तळवस्ती : आपलं स्वा ते आठ’.

पाटकऱ्यानं चारदा वाचलं. अशी वेळ त्याच्या घड्याळात नव्हती. त्यानं पाण्याचं दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठकूबाई आली. घरात प्यायला थेंब नव्हता आणि तिची तान्ही नात तापानं फणफणत होती. “बाबा, सकाळी सहा. दोन शब्द आहेत. लिही की.”

लुकलुक्या कातावला होता. अक्षरागणिक उभा राहून त्यानं सगळं बरोबर उतरवलं होतं, बरोबर ठेवलं गेलं होतं, आणि तरी हे. “ठकूबाई, मला काय कळत नाही होय? पण चिठ्ठीत नाही ते मी लिहिलं तर उद्यापासून मला या पटावर उभं करणार नाहीत.”

“मग चिठ्ठीत चूक आहे म्हणून सांग त्यांना.”

त्यानं सांगितलं. चौकटींनी ऐकून घेतलं, गंभीर झाल्या, आणि संध्याकाळच्या आत चौकशीची चौकट पाठवली. तिचे काठ तिहेरी होते. ती थेट नवव्या ओळीपाशी आली आणि बसण्याआधी म्हणाली, “खालचं नीट उतरवून घे. एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये.”

ठकूबाईनं हंडा खाली ठेवला. लुकलुक्या तिच्या बसायच्या जागेच्या पहिल्या घरात उभा राहिला, डोळे मिटले, उघडले, आणि चिठ्ठीत सुवाच्य अक्षरात लिहू लागला: आ, प, लं.