टाकीवरचं ठिगळ

"मग कापू ना हे ठिगळ, उस्ताद?"

हणमंतच्या हातात गॅसकटर तयारच होता.

समोर शंभरी ओलांडलेलं विलायती वाफेचं इंजिन उभं होतं. ते आपलं पाणी दोन्ही कुशींच्या टाक्यांत घेऊन फिरणाऱ्या जातीचं. डावीकडच्या टाकीवर कुणीतरी कधीकाळी लोखंडी ठिगळ मारलं होतं, रिबेटीचे खिळे वेडेवाकडे ठोकलेले. हणमंतच्या डोळ्यांत ते खुपायचं. इंजिन विलायतेतून उतरलं तसंच्या तसं उभं करीन, असं तो गावभर सांगून बसला होता. आणि हणमंतचा शब्द म्हणजे, निदान हणमंतच्या मते, काळ्या दगडावरची रेघ.

शेडचे म्हातारे प्रमुख रेहमतउस्ताद टोपी झटकत उठले.

"आधी टाकी भर. ठिगळावर हात ठेवून उभा राहा. मी नमाज पढून येतो."

हणमंतने टाकी काठोकाठ भरली आणि हात ठेवला. उस्तादांचं आता वय झालं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

टप... टप...

त्याचा चेहरा खुलला. गळतंय म्हटल्यावर उस्ताद तरी काय बोलणार? त्याने वाकून पाहिलं.

पाणी खालच्या सांध्यातून ठिबकत होतं. तो नवा सांधा त्याने स्वतःच जोडला होता.

ठिगळावरचा तळवा कोरडा ठणठणीत.

उस्ताद परतले. जमिनीवरचं थारोळं त्यांनी पाहिलं आणि ओलांडलं.

हणमंतने कटर आपणहून खाली ठेवला. कुणी मारलं हे, असं त्याने विचारलं. उस्तादांनाही ठाऊक नव्हतं. या इंजिनाच्या सगळ्या बहिणी टाक्या फुटल्या तशा भंगारात गेल्या, एवढंच ते म्हणाले. ही एक ठिगळ लावून कामावर गेली, म्हणून आज रंगवायला उरली.

इंजिन आपण वाचवतोय, या तोऱ्यात तो इतके दिवस वावरला होता. ते तर वाचूनच त्याच्यापर्यंत आलं होतं. ज्याने ते पोचतं केलं, त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं त्याला फार वाटलं.

"ना नाव, ना गाव... नमस्कार तरी कुणाला करू, उस्ताद?"

उस्तादांनी ठिगळाकडे बोट केलं.

"हात कोरडा आहे ना? तोच ठिगळावर ठेव, पोचेल त्याला."