सहा विहिरींचा मल्हू

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा आपल्या सहाविहिरे गावात शास्त्री उदंड होते आणि पाणी बेताचं होतं.

सहा दर्शनांच्या सहा पाठशाळा, आणि प्रत्येकीची विहीर वेगळी. सांख्यवाले न्यायवाल्यांच्या विहिरीचं पाणी तोंडात घेत नसत. सहाही विहिरी खणल्या होत्या मल्हू वडाराने. पण पाणी लागलं, की त्याने बाजूला व्हायचं. दोराला हात लावायची त्याला मुभा नव्हती. त्याची बायको सगुणा घागर घेऊन दूर ओढ्यावर जायची, आणि मल्हूला त्याचं फार वाईट वाटायचं.

एका उन्हाळ्यात ओढा आटला, सहाही विहिरी आटल्या. शास्त्री पारावर जमले. सांख्यशास्त्री म्हणाले, पाणी आहेच, फक्त प्रकटलेलं नाही. न्यायशास्त्री म्हणाले, पाण्याचा अभाव हाही एक पदार्थच. आठ दिवस वाद रंगला आणि घसे आणखी कोरडे पडले. वेदान्ताचे अनंतशास्त्री म्हणाले, "सर्व काही एकच आहे," आणि जाऊन आपल्या पाठशाळेच्या कोरड्या विहिरीवर झाकण घालून आले!

शेवटी गाव सोडायचं ठरलं. मल्हूला ते सोसवेना. पहार घेऊन तो न्यायवाल्यांच्या विहिरीत उतरला. सगुणा काठावर बसली. दुपारपर्यंत पहारीचा आवाज येत होता, मग थांबला. दोर ओढला तर मोकळाच वर आला. सगुणाने हंबरडा फोडला.

तेवढ्यात मल्हूची हाक आली. सहाही विहिरींतून एकदम आली, असं म्हणतात. हाकेपाठोपाठ पाणी चढलं. अनंतशास्त्रींनी धावत जाऊन झाकण काढलं, तर आत मल्हू तरंगतोय!

"अरे, तू तर तिकडे उतरला होतास!"

"म्हाराज, खाली समदं येकच पानी हाय. वर कठडं आपुन बांधलं, म्हनून सहा झाल्या."

शास्त्रीबुवांचा जन्म हेच शिकवण्यात गेला होता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. त्यांनी मल्हूला हात देऊन वर घेतलं आणि स्वतः विहिरीत दोर सोडला.

"सगुणाबाई, घागर आणा. मी शेंदतो."

त्या दिवशी गावात कुणी तहानलेलं राहिलं नाही, असं म्हणतात.

अजूनही दर उन्हाळ्यात सहा विहिरींचं पाणी एकाच घागरीत ओततात आणि पहिली ओंजळ वडारवस्तीतली सर्वांत म्हातारी बाई घेते. एरवीही पाहुण्याने विचारलं, "हे पाणी कुठल्या विहिरीचं?" तर घरातलं लहान पोरही सांगतं, "मल्हूचं."