माठाला पुसू नका!

घरोघरी कूलर यायच्या आधीची ही गोष्ट. चंद्रपूरला, ऐन वैशाखात, योहान मास्तरांच्या खोलीत खुंटीला एक गिटार टांगलेली असे आणि तिच्याखाली तिवईवर माठ पाझरत असे.

"ई! सदा घामट!" गिटार ओरडायची. "मास्तर, हा ओला शेजारी आधी हलवा!"

शेवटी वैतागून मास्तरांनी माठ ओसरीवर नेला. "जप गं," जाता जाता माठ म्हणाला.

"सुटले!" गिटार आनंदाने झणझणली.

पण खोलीतली हवा भट्टीसारखी कोरडी झाली. गिटारीचं लाकूड आक्रसलं, तारांखालच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन मास्तरांच्या बोटांना टोचू लागली. आणि एका दुपारी कट्‌कन आवाज झाला! तिच्या पोटावर केसाएवढी चीर!

"अरे देवा, ही तर तहानली!" मास्तर धावत गेले आणि माठ पुन्हा तिवईवर आणून ठेवला. माठ पाझरत राहिला. हळूहळू लाकूड फुललं, चीर मिटली, आणि एका सकाळी सूर पहिल्यासारखा घुमला!

तो ऐकून मास्तरांची बहीण सलोमी फडकं हातात घेऊनच आत आली. "अगबाई, किती ओला झालाय हा माठ! पुसूनच काढते."

"खबरदार," खुंटीवरून गिटार कडाडली, "त्याला फडकं लावाल तर!"