टोकाचं पान

"...पण महाराज, दुसऱ्याचा निरोप पुढं धाडायला लोकांच्या इतकं जिवावर का येतं?"

मठाचे महंत हरनामगिरी पंगतीसाठी पत्रावळी पुसत होते.

विचारणारा निनाद इंजिनिअर होता. डोंगरातल्या पाड्यांवर त्यानं छपराछपरावर वायरलेसच्या पेट्या बसवल्या होत्या. एका पेटीनं दुसरीला द्यायचं, दुसरीनं तिसरीला, असा शेवटच्या उंबरपाड्याचा निरोप टॉवरपर्यंत पोचायचा. म्हणजे पोचायला हवा होता. पण आपलं काम झालं की लोक पेटी बंद करत. परक्यासाठी आपली बॅटरी कोण जाळणार?

मागच्या आठवड्यात उंबरपाड्याच्या जामनीबाईच्या नातवाला साप चावला. गाडी बोलावणारा निरोप मधल्याच छपरावर अडकला. पोराला झोळीत घालून खाली आणलं. वाचलं, हे नशीब.

"आता मी उपाय काढलाय," निनाद म्हणाला. "दुसऱ्याचे निरोप पुढं नेईल त्याला गुण. ज्याचे गुण जास्त, त्याचा निरोप आधी जाणार. बघा, उद्यापासून एक पेटी बंद राहायची नाही!"

"आणि उंबरपाडा?"

"त्याचं काय?"

"त्याच्या पलीकडं कोण राहतं?"

"कोणी नाही. पुढं नुसता कडा."

"मग ते कोणाचे निरोप नेणार?"



"नियम सगळ्यांना सारखाच आहे, महाराज," निनाद जरा चिडूनच म्हणाला.

"तू राहतोस कुठं?"

"टॉवरखाली. तिथं रेंज झकास."

महाराज हसले. "चल, दाळ-बट्टीची पंगत बसतेय."

निनाद पहिल्याच पानावर बसला. जामनीबाई उशिरा आली, ती टोकाला बसली.

महाराजांनी निनादची पत्रावळ उचलली आणि जामनीबाईच्याही पलीकडं नेऊन मांडली. तो उठून त्यांच्या मागं निघाला, तर त्याच्या हातात दाळीची बादली दिली.

"वाढ. या मठात वाढपी शेवटी जेवतो. त्याचं पान टोकाला."

निनादनं सुरुवात झोकात केली. पळी भरभरून, वर आग्रह.

अर्ध्या पंगतीत त्यानं बादलीत डोकावलं. मग टोकाकडं पाहिलं. तिथं जामनीबाईचं आणि त्याचं स्वतःचं पान कोरडंच होतं. जामनीबाई बादलीकडंच बघत होती.

पळी लहान झाली.

"ए दादा, इकडं अजून एक!" मागून कोणी ओरडलं.

"थांबा काका, टोकापर्यंत पोचू दे आधी."

बोलून गेला आणि स्वतःच चपापला.

शेवटी बादली कलती करावी लागली. जामनीबाईला पळीभर मिळालं, त्याला अर्धी. तो खाली बसला. त्याला लाज वाटत होती.

"महाराज... नियम बदलतो मी. कसा करू, सांगा."

हरनामगिरींनी आपल्या पानातली बट्टी मोडून अर्धी त्याच्या पानात ठेवली.

"नियमाचं मग बघू. उद्या तुझं पान कुठं मांडणार, टॉवरखाली की उंबरपाड्याला, ते सांग."