वीणेची कोरी कड

नीरेच्या काठी बोरगिरी नावाच्या लहानशा गावात सद्गुरू सहजनाथ महाराजांनी आपले आसन मांडले होते. मठ म्हणावा तर एक दगडी ओवरी आणि समोर कडुनिंब, एवढाच पसारा. पण महाराज ओवरीत बसले म्हणजे आल्यागेल्याला माहेरी आल्यासारखे वाटे. तेथे घडलेली ही हकिकत, भाविकहो, मन लावून ऐकावी.

त्या गावात भागोजी सुतार राहत असे. औते आणि गाड्या करता करता हा गडी वीणाही करू लागला होता. शिकवायला कोणी नव्हते. मोडक्या वीणा दुरुस्त करता करता हात बसला, इतकेच. माणूस अबोल. पटाशी हातात आली की मात्र ओठांवर नाम सुरू होई, आणि मग बायकोने हाक मारली तरी त्याला ऐकू येत नसे.

त्या वर्षी सप्ताह तोंडावर आला आणि मठातल्या वीणेला वाळवी लागलेली दिसली. सप्ताहात वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, जमिनीवर टेकत नाही. वीणाच नसेल तर नाम उभे राहायचे कसे? महाराजांनी भागोजीला बोलावले आणि देव्हाऱ्यातून आपल्या गुरूंची एक लाकडी पादुका काढून त्याच्या हाती दिली. ती झिजून मधोमध चिरली होती.

महाराज म्हणाले, "हिला फुले पुष्कळ वाहिली. आता हिला भजनाला लाव. पट्ट्या काढ आणि वीणेच्या कडेला बसव. कड मात्र कोरी ठेव. गुरूंच्या पायाखालचे लाकूड आहे, ते लोकांना दिसू दे."

भागोजीने पादुकेच्या पातळ पट्ट्या काढल्या, वाफेवर वाकवल्या आणि वीणेच्या तबलीभोवती, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाभोवती, जुळवून बसवल्या. शिवणीच्या फिकट लाकडाची ती कड अशी काही उठून दिसली की भागोजीच्या डोळ्यांना पाणी आले.

आता राहिला रंग. पाटलांनी हौसेने शहरातून जिवाजीराव मिस्त्रींना आणले. तबलीवर मध्ये हळदी, मग केशरी आणि कडेकडेला गडद तपकिरी असा उगवत्या सूर्याचा रंग द्यावा तो मिस्त्रींनीच. हातात कला होती, त्यात शंका नाही. फक्त ती डोक्यात गेली होती.

मिस्त्री आले तेव्हा भागोजी ओवरीत मांडी घालून, कडेवर बारीक कुंचल्याने लाखेचा हात देत होता. लाख सुकली की रंग खालच्या लाकडात उतरत नाही. प्रत्येक हाताबरोबर तो नाम घेत होता. मिस्त्री पाटलांकडे बघून हसले आणि म्हणाले, "कड झाकतोय की पूजा मांडलीय? याच्या वेगाने सप्ताह पुढच्या वर्षी होईल." मंडळी हसली. भागोजी खाली मान घालून हात देत राहिला.

लाख सुकली. मिस्त्रींनी पेटीतून बाटल्या काढल्या आणि सगळ्यांना लांब बसवले, कारण आपला रंग ते कोणाला जवळून पाहू देत नसत. तो रंग स्पिरिटात कालवलेला होता, आणि स्पिरिट लाखेला विरघळवते. हे मिस्त्रींना चांगले ठाऊक होते. पण शहरात कड मेणाने झाकतात, तेव्हा येथेही मेणच असणार, असे त्यांनी गृहीत धरले. एका सुताराला कशाला विचारायचे! भागोजीला स्पिरिटचा वास आला, पण त्याची लाखही स्पिरिटातलीच. वास आपलाच असेल असे त्याला वाटले.

हळदी उतरला, केशरी उतरला. तपकिरी रंगाचे फडके कडेवरून फिरले मात्र, लाख चिकट झाली, सुटली आणि रंग पट्टीत मुरला. पाहता पाहता सारी कड काळपट झाली. मिस्त्रींनी घाईने फडके ओढले, त्याने रंग आणखीच पसरला.

"कडेला लावलेस काय तू?" मिस्त्री ओरडले. "लाख? घालवलीस वीणा."

भागोजी कडेवर वाकून पाहू लागला. पट्टी कागदासारखी पातळ, तासायला गेले तर संपूनच जाणार. दुसरे लाकूड आणता येईल, पण गुरूंची पादुका कोठून आणायची? तो उठला आणि ओवरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या महाराजांपुढे आडवा झाला. "म्हाराज, घात झाला. थोरल्या म्हाराजांची पादुका माझ्या हातनं काळी झाली."

महाराज आसनावरून हलले नाहीत. पाय लोकरीच्या धाबळीत घेऊन ते जसेच्या तसे बसले होते. म्हणाले, "तुझ्या हातून काय झाले ते मी पाहिले. जा, ओले फडके घे आणि कड पूस."

मिस्त्रींना राहवले नाही. स्पिरिटचा रंग लाकडाच्या पोटात शिरतो, पाण्याने तो निघाला तर आपण धंदा सोडू, असे ते बोलून गेले. भागोजीने वाद घातला नाही. गुरुवाक्य ते गुरुवाक्य! त्याने पंच्याचे टोक भिजवले आणि नाम घेत कडेवरून फिरवले.

फडक्यामागोमाग कड उजळत गेली. फिकट, स्वच्छ, पट्ट्या बसवल्या त्या दिवशी होती तशी. नवल म्हणजे पंचा पांढराच राहिला. मिस्त्रींनी तो हिसकून घेतला, उलटून पाहिला, कडेवर नख फिरवले. रंग लाकडात नव्हता आणि फडक्यावरही नव्हता. मग तो गेला कोठे?

त्यांचा ताठा तेथेच गळाला. इतरांना ती नुसती पुसलेली कड वाटली असेल, पण काय अशक्य होते ते गावात फक्त त्यांनाच कळत होते. पागोटे काढून ते महाराजांपुढे वाकले. महाराजांनी धाबळी बाजूला केली आणि पाय पुढे केले. दोन्ही तळव्यांच्या कडेकडेने, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, गडद तपकिरी रेघ उमटली होती.

मिस्त्रींनी आपला रंग ओळखला. ते उपरण्याने रेघ पुसू लागले. ती पुसटही होईना.

"राहू दे," महाराज म्हणाले. "गुरूंच्या पादुकेवरचा डाग आहे, तो माझ्याच पायांवर शोभेल. पण नमस्कार येथे कशाला करतोस? ज्याला एक शब्द विचारणे तुला जड गेले, तो तिकडे बसला आहे."

मिस्त्री उठले. सगळ्या गावादेखत ओवरी ओलांडून ते भागोजीकडे गेले आणि त्याच्या पायांवर डोके ठेवून रडले. भागोजी बिचारा इतका लाजला की, नमस्कार हिला करा म्हणत, त्याने वीणा उचलून त्यांच्याच हातात दिली.