नर्सला विचारायचा प्रश्न

परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलसाठी नर्स निवडायला खानोलकर साहेब पुण्यात आले होते. लातूरच्या ज्योत्स्ना भालेरावने अर्जात आपली पदवी नीट समजावून लिहिली होती. चार वर्षांचा अभ्यासक्रम, वॉर्डातलं प्रशिक्षण, तिकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, सगळं. साहेबांनी त्यावर आडवी रेघ मारली.

"बाई, इकडची पदवी आमच्याकडे कोण मोजतं? सहायक म्हणून घेऊ. पगारही सहायकाचाच."

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. साहेबांनी लगेच परीक्षा सुरू केली.

"रुग्णाचा श्वास बंद पडलाय, डॉक्टर जवळ नाहीत. काय कराल?"

"सर, हे कुणाला विचारताय?" ती शांतपणे म्हणाली. "सहायकाला विचारत असाल, तर मी नर्सला हाक मारीन आणि बाजूला उभी राहीन. त्या पगारात तेवढंच बसतं. रुग्ण वाचायला हवा असेल, तर आधी खोडलेलं परत लिहा."

साहेबांनी खोडलेल्या ओळीशेजारी 'नर्स' असं लिहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेर कुणाला सांगू नका."

बाहेरच्या बाकावर तिच्याच कॉलेजच्या मुली सहायक व्हायला रांगेत बसल्या होत्या.